लागणं आणि सुटणं

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याच्या सुधारण्याचा विषय आपण तिथेच मिटवून टाकलेला असतो. म्हण तोंडातून निघाली की बोलणारा चहाचा कप खाली ठेवतो आणि मिरचीच्या भावाकडे वळतो. आमच्या खानदेशातल्या दोंडाईच्यात तरी असंच होतं. आणि मिरचीचे भाव हा इथे कधी न संपणारा विषय आहे, त्यामुळे त्या बिचाऱ्या जित्याकडे पुन्हा कुणी फिरकत नाही.

मराठीत दोन खोडं आहेत. एक ‘ते’ खोड, झाडाचं. दुसरी ‘ती’ खोड, माणसाची. लिंग वेगळं, अर्थ वेगळा, म्हणून कोशात दोघांच्या नोंदीही वेगळ्या. संस्कृतात ‘खोड’ म्हणजे लंगडा. आपली स्त्रीलिंगी खोड त्या लंगडेपणातून आली असावी, असा माझा अंदाज. ‘खोट’ तिच्या जवळपासची वाटते. पण बोलणारा कोश उघडून बोलत नाही. त्याच्या कानात दोन्ही एकत्रच वाजतात, आणि मग खोड म्हणजे वरवर छाटली तरी बुंध्यातून पुन्हा फुटणारी गोष्ट होऊन बसते. झाडाच्या खोडापासून तिसरा शब्द निघाला तो ‘खोडा’. जाड लाकडाला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवायचे, तो खोडा. मराठी बायबलात फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला यांचे पाय याच खोड्यात अडकवलेले आहेत. आता खोडा फक्त वाक्प्रचारात उरला. कामात खोडा घालणारे मात्र भरपूर उरले.

या म्हणीची गंमत अशी, की ज्यानं ती कधी ऐकली नव्हती त्या पौलानं ती शब्दशः मान्य करून टाकली आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याचं म्हणणं साधारण असं: मेलेल्या माणसावर पापाची सत्ता चालत नाही, आणि बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरण. म्हणजे खोड मेल्याशिवाय जात नाही ना? ठीक, मग मरा. आपण जिथे हात झटकतो तिथून पौल सुरुवात करतो. पण पुढच्याच अध्यायात हाच माणूस कबूल करतो की जे करायचं ते मी करत नाही, आणि ज्याचा तिटकारा तेच करून बसतो. हा अध्याय बाप्तिस्म्याआधीच्या माणसाचा की नंतरच्या, यावर ऑगस्टीनपासून वाद चालू आहे. स्वतः ऑगस्टीननंच त्यावर मत बदललं. मला वाद सोडवायचा नाही. खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळीत बसणाऱ्या माणसाला तो सुटलेलाच असतो. बाप्तिस्मा घेऊन दहा वर्षं झाली आणि तरीही सातवा अध्याय वाचताना आपलंच नाव घेतल्यासारखं वाटतं, एवढा पुरावा त्याला पुरतो.

‘पाप’ या शब्दानं इथे फारशी मदत होत नाही. तो ऋग्वेदापासून आहे, इतका जुना की त्याचं मूळ कुणाला पक्कं सांगता येत नाही. यास्कानं मात्र निरुक्ताच्या पाचव्या अध्यायात तीन व्युत्पत्त्या देऊन ठेवल्या आहेत. पाप म्हणजे जे पिऊ नये ते पिणारा, ही पहिली. दुसरी आणि तिसरी ‘पत्’ म्हणजे पडणे या धातूच्या वारंवारतादर्शक रूपावरून: जो पुन्हा पुन्हा खालीच पडत राहतो तो. आजचे भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्त्या मानत नाहीत, आणि ते बरोबरच असणार. पण शास्त्र म्हणून फसलेल्या व्युत्पत्तीत कधीकधी निरीक्षण अचूक असतं. पडला, यापेक्षा पुन्हा पुन्हा पडतो, हे यास्काला महत्त्वाचं वाटलं. ग्रीकमधल्या ‘हामार्तिया’ची धनुर्विद्या, म्हणजे नेम चुकणं, प्रवचनांतून इतक्या वेळा ऐकली आहे की ती इथे उगाळत नाही. आणि खरं सांगायचं तर नेम चुकणारा माणूस निदान नेम धरत तरी असतो. मुरलेल्या पापाची अडचण अशी की हात आपोआप तिकडेच जातो.

खानदेशात हा प्रश्न जरा ठळकपणे आला, त्याला कारण आहे. फ्रेड्रिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या उपदेशकानं १८९० साली शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. त्या मिशनची आणि स्वीडिश मिशनची माणसं पुढे पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे, येऊन राहिली. पूर्वेला भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. त्यांचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन ख्रिस्ताला चार नावांनी सांगत: तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि परत येणारा राजा. त्यातलं दुसरं नाव महत्त्वाचं. तारण झालं म्हणजे सगळं झालं नाही. त्यानंतरच्या आयुष्याचं काय, हा या मंडळींचा प्रश्न होता, आणि त्याला त्यांनी मराठीत ‘पवित्रीकरण’ हा शब्द घेतला. सहा अक्षरी, सरकारी जीआरमध्ये शोभेल असा. राष्ट्रीयीकरण, विद्युतीकरण, पवित्रीकरण. तो मी कुणाच्या तोंडी सहज आलेला ऐकलेला नाही. वेदीवरून येतो, बाकापर्यंत पोहोचतो, आणि तिथेच राहतो.

‘तारण’ त्या मानानं अगदी रुळलेला. ‘तृ’ म्हणजे पार जाणे, त्याचं प्रयोजक ‘तारण’, पार नेणं. पण दोंडाईच्याच्या पेठेतून जा. पतपेढीच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’, बाजार समितीत ‘शेतमाल तारण योजना’. मंडळीत तारण मिळतं, बँकेत तारण ठेवावं लागतं. सोनं गहाण पडल्यावर पार कोण जातं, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. लहानपणी उपासनेतून बाहेर पडून ही पाटी वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात या दोन अर्थांची काय खिचडी होत असेल, ती होऊ द्यावी. ती फार चुकीची नाही.

खरा घोळ ‘मोह’ या शब्दात आहे, आणि तो घोळ खानदेशाइतका दुसरीकडे कुठे जाणवणार नाही.

‘मुह्’ म्हणजे भान हरपणे. त्यापासून मूढ, मुग्ध, मोहिनी आणि मोह. षड्रिपूंतला चौथा. हा मोह पुस्तकी वाटेनं, संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आला. दुसरा मोह चालत आला. संस्कृत ‘मधूक’, प्राकृतात ‘महुअ’, हिंदीत ‘महुआ’, आणि मराठीत लवणाचं लोण व्हावं तसा महुअचा मोह. याच्या घरात मध आहे. मधमाश्यांचं मोहोळ त्याचं नातलग. म्हणजे एक शब्द शुद्ध हरपण्याचा आणि दुसरा गोडीचा, दोघांची जन्मगावं वेगळी. पण सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत दोघांचा चेहरा एक झाला. चैत्रात पहाटे मोहाखाली टपटपलेली फुलं वेचायला बायका-पोरं जातात. पिवळसर, रसाळ, जरा दाबलं की बोट चिकट होतं. वाळवली की मनुकांसारखी तपकिरी दिसतात. ती खातातही, आणि टंचाईच्या दिवसांत त्यांनी माणसं जगवलीही आहेत. आंबवून भट्टीवर चढवली की दारू. भिल्ल, मावची, पावरा यांच्या घरात जन्मापासून मरणापर्यंत देवापुढे तिचीच धार पडते.

अशा गावात कुणी पुस्तक उघडून ‘मोहात पडू नका’ असं वाचलं, तर ऐकणाऱ्याला काय ऐकू येईल? संस्कृत मोह कमी आणि झाडाचा जास्त. शास्त्रीच्या दृष्टीनं हा अनर्थ. मला तो अर्थच वाटतो. भान हरपणं आणि गोडी या दोन गोष्टी वेगळ्या शब्दांत ठेवणं ही चैन घरात भट्टी नसलेल्यांना परवडते. प्रोटेस्टंट मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत या जागी ‘परीक्षा’ हा शब्द आहे, आणि ग्रीक शब्दात पारखणं आणि भुलवणं दोन्ही असल्यामुळे तो चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त दहावीचं पोरगं ती प्रार्थना म्हणतं तेव्हा त्याच्या मनात कोणती परीक्षा असते, ते त्याच्या आईला विचारावं. कॅथलिक प्रार्थनेत त्याच जागी मोह आहे.

झाडाला मी दोष देत नाही. मिशनऱ्यांनी मोहाच्या दारूला पाप म्हटलं त्यात त्यांच्या स्वतःच्या देशातला मद्यविरोध होता, हेही खरं. पण दारू सोडण्याची हाक या भागाला केवळ बाहेरून आली असं समजणं इतिहासाला धरून होणार नाही. १९२२ साली देवीचं वारं आलं. किनाऱ्याकडून निघालेली ही चळवळ डोंगरातून फिरत दक्षिण गुजरातेपर्यंत गेली. अंगात येणाऱ्या देवीनं आदिवासींना दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा असं सांगितलं आणि हजारोंनी ते ऐकलं. डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर पुस्तकच लिहिलं आहे. १९३८च्या सुमारास तळोदा भागात गुलाम महाराजांनी ‘आप’ म्हणत आरती सुरू केली. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, आंघोळ करून यायचं, दारू सोडून यायची. १९७०च्या दशकात शहाद्याकडच्या भिल्ल बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. त्यांच्यामागे देव नव्हता, श्रमिक संघटना होती. ख्रिस्ती मंडळ्यांत दारू सोडणं ही विश्वासाची पहिली खूण मानली गेली, ती या सगळ्याच्या मधोमध. कुणाची दारू कोणत्या नावानं सुटली याची भांडणं पुढे झाली. पण सुटायला हवी, यावर एकमत होतं.

बरं, ती लागते कशी? मराठीत दारू ‘लागते’. नाद लागतो, चटक लागते, भूत लागतं, नजर लागते, नोकरीसुद्धा लागते. मूळचा ‘लग्’, चिकटणं. या सगळ्या वाक्यांत कर्ता शोधून पाहा. ‘त्याला दारू लागली’ यात ‘त्याला’ बिचारा द्वितीयेत नाहीतर चतुर्थीत बसलेला असतो आणि दारू चालत येऊन चिकटलेली असते. ‘मी दारू लावून घेतली’ असं वाक्य व्याकरणानं शक्य आहे. बोललेलं मी ऐकलेलं नाही. फार तर ‘दोस्तांनी लावली’. आपल्या भाषेनं व्यसनाच्या आरंभालाच माणसाची सुटका करून ठेवली आहे.

‘व्यसन’ या शब्दातही हेच. ‘वि’ आणि ‘अस्’, फेकणं. मूळ अर्थ विस्कटून जाणं, संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांचं आहे आणि त्यात पूर, आग, दुष्काळ, रोगराईही आहे. मनूनं राजाला कामापासूनची दहा आणि क्रोधापासूनची आठ व्यसनं मोजून दिली; त्यांत दिवसा झोपणं आणि उगाच भटकणंही आहे. म्हणजे मे महिन्यात दुपारी दोन वाजता अख्खं दोंडाईचा व्यसनाधीन असतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास करणाऱ्या एव्हाग्रियसनं आठ घातक विचारांची यादी केली, जिच्यातून पुढे सात मोठी पापं आली. त्यानंही दुपारच्या या सुस्तीला भूतच म्हटलं आहे. भर उन्हात येणारं, साधूला ‘हे सगळं कशासाठी’ असं विचारणारं. आपल्या षड्रिपूंत आळस नाही, खादाडपणाही नाही. का नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो दुपारी लिहिता येणार नाही.

संकट आणि सवय यांना एकच शब्द असण्यात शहाणपण आहे. सवय शेवटी संकटासारखीच येऊन आदळते. पण पौल या जागी वेगळा शब्द वापरतो. तो म्हणतो दास्य. मराठी बायबलात ‘पापाचे दास’. इथे मात्र मराठीनं त्याची धार घालवली. आपल्याकडे दास म्हणजे रामदास, सूरदास, अभंगाच्या शेवटी नम्रपणे सही करणारा. दास म्हणवून घेण्यात भूषण आहे. ज्या रोममध्ये पत्र गेलं तिथे दास म्हणजे बाजारात किंमत ठरलेला माणूस होता.

खानदेशात याहून जवळचा शब्द होता, सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, साल फिरतं. नव्या मालकाकडे राहायचं ठरलं की आधी उचल घ्यायची: लेकीचं लग्न, बापाचं आजारपण, जुन्या मालकाची बाकी. पैसे हातात आधी पडतात आणि मग वर्षभर पहाटेपासून गोठा, मोट, रान. पुढच्या आखाजीला हिशेब मांडला की उचल थोडी शिल्लकच निघते. ‘पापाचे वेतन’ हा रोमकरांस पत्रातला प्रसिद्ध शब्दप्रयोग; ग्रीक शब्द शिपायाच्या शिध्या-पगाराचा आहे, काम झाल्यावर मिळणारा. मुरलेलं पाप मात्र पगार देत नाही, ते उचल देतं. सुख आगाऊ, राबणं नंतर, आणि बाकी पुढच्या साली ओढलेली. प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘ऋण’ इथे नीट कळतं. येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. मत्तयानं ग्रीकमध्ये तो ऋण म्हणूनच ठेवला, लूकनं एकदा पाप केला.

आता ज्या मराठी शब्दासमोर मी खरोखर थांबतो, त्याच्याकडे येतो. योहानाच्या पहिल्या पत्रात पापं कबूल करण्याविषयी जे वचन आहे, तिथे ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘तेच म्हणणे’, दुसरा जे म्हणतो त्याला रुजू होणे. मराठी बायबलानं ‘कबूल’ हा कचेरीतला अरबी शब्द बाजूला ठेवून पापं ‘पदरी घेणे’ असं म्हटलं.

पदर काय करतो ते दोंडाईच्यात मिरचीच्या पथारीवर पाहावं. हंगामात लाल मिरचीचे मैदानभर गालिचे पसरलेले असतात आणि बाया ओळीनं बसून देठ खुडतात. पदर नाकातोंडावरून घेऊन मागे खोचलेला, डोळे तेवढे उघडे. तरी ठसका लागतोच. त्याच पदरानं घाम पुसायचा, मूल झाकायचं, पैशाची गाठ बांधायची. संध्याकाळी हाताची आग थांबत नाही म्हणून तोच पदर ओला करून धरायचा. पदरात पडणं, पदरमोड करणं, पदर पसरणं, पदराला खार लागणं. जे आपलं आहे ते पदरचं. तेव्हा पाप पदरी घेणं म्हणजे ते जवळ ओढून आपल्या अंगावरच्या कापडात घेणं. ‘लागली’ म्हणून जे बाहेरून चिकटलं होतं, ते आता माझं. गळ्यात पडलेलं मूल नाकारलं जातं किंवा पदरात घेतलं जातं. भाषेनं पापाला त्या जागी आणून बसवलं आहे. हा शब्द पहिल्यांदा कुणाला सुचला असेल? मला वाटतं, लिहिणाऱ्यापेक्षा ज्या बायांच्या बोलण्यातून तो आला त्यांचं ते श्रेय.

गोव्यात कोंकणी कॅथलिक ‘कुमसार’ला जातात. पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’चं हे रूप इतकं गोजिरं झालं आहे की पाप सांगायला निघाल्यासारखं वाटत नाही. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं, तेव्हा त्यांनी ओवी घेतली आणि पाप, मोक्ष, वैकुंठ हे आपले शब्द सरळ उचलले. त्यांना भीती वाटली नाही. पंडिता रमाबाईंना वाटली. केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं ते कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून, आणि ज्या संस्कृत शब्दांत जुनी धर्मकल्पना दडलेली आहे असं त्यांना वाटे ते त्यांनी टाळले. संस्कृत पंडितेनंच हे करावं यात काहींना विरोधाभास दिसतो. मला नाही दिसत. शब्दाच्या पोटात काय आहे हे तिलाच माहीत असणार. काम पुरं करून १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ साली आलं.

मुक्तीतच १९०५च्या जूनअखेर ती प्रसिद्ध जागृती झाली. मुली रात्रंदिवस रडत होत्या, आपापली पापं उघड सांगत होत्या. एका मुलीला शेजारची जळताना दिसली, ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच लक्षात आलं की ही आग विझवण्याची नाही. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. ‘पश्चात्ताप’ या शब्दाचा इतका शब्दशः प्रयोग दुसरीकडे सापडणं कठीण. पश्चात् ताप, नंतरचं भाजणं. पण याच जागी हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ मागे फिरणं, आणि ग्रीकमध्ये मन पालटणं. दोन्हींत चटका नाही, दिशा आहे. मराठीत ताप आला, आणि ताप उतरतोही. रविवारी एकशे दोन, मंगळवारी नॉर्मल. मुरलेल्या पापाशी झगडणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. भाजून झालेलं असतं, फिरून झालेलं नसतं.

आणि सगळं काही बाटलीत नसतं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा त्यांचा रागीटपणा पाहायचा तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. भडकायचे, आणि लगेच विरघळायचे. ख्रिस्ती कवीचा राग बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला असं लक्ष्मीबाईंनी कुठेही भासवलेलं नाही; त्यांच्या लेखी तो नवऱ्याचा राग होता आणि राहिला. स्वतः त्यांचं सोवळं मात्र सुटलं, आणि तेही त्यांनी बाप्तिस्मा घेण्याआधीच. टिळकांकडे परत आल्यावर कितीतरी दिवस त्या वेगळा स्वयंपाक करत, दुसऱ्याच्या हातचं पाणी घेत नसत. एके दिवशी विचार करता करता वाटलं की या जाती देवानं केलेल्या नाहीत, आणि पीळ गेला. तो सैल करायला नवऱ्याची कितीतरी व्याख्यानं झाली होती, ती कामाला आली नाहीत. जात आणि जाणे यांवरचा तो प्रसिद्ध विनोद इथे करण्याचा मोह होतो (झाडाचा नव्हे), पण तो आता फार वापरून गुळगुळीत झाला आहे. मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्यानंतरही सोयरिकीच्या वेळी काय विचारलं जातं, हे मंडळीत बसणाऱ्यांना सांगायला नको.

लक्ष्मीबाईंचं सोवळं ‘सुटलं’ असं मी लिहिलं. त्यांनी ते ‘सोडलं’ असंही लिहिता आलं असतं. मराठी माणूस या दोन क्रियापदांतला फरक इतक्या सहज पाळतो की तो त्याला दिसतच नाही. प्राकृतातला ‘छुट्ट’, हिंदीत छूटना आणि छोडना. मराठीत छ चा स झाला, छुरीची सुरी झाली तसा, आणि सुटणे-सोडणे ही जोडी तयार झाली. ‘मी दारू सोडली’ म्हणणाऱ्याचा आवाज थोडा वर असतो. तारीख सांगतो. ऐकणारे मनातल्या मनात म्हणतात, बघू. ‘माझी दारू सुटली’ म्हणणारा तारीख सांगत नाही, कारण त्याला ती नक्की आठवत नाही. आवाजही वेगळा, जरा चकित झाल्यासारखा. गाडी सुटते, गाठ सुटते, शाळा सुटते, ताप सुटतो. आपण तिथे असतो, पण करणारे आपण नसतो.

म्हणजे हिशेब असा झाला: दारू लागली तेव्हा कर्ता नव्हता, सुटली तेव्हाही नाही. लागण्याच्या वेळची ती पळवाट होती. मंडळीनं ती पदरी घ्यायला लावून बंद केली. सुटण्याच्या वेळची तिनं उघडी ठेवली, आणि वर तिसरं क्रियापद आणून बसवलं, ‘सोडवणे’. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठीत ऋण ‘सोड’ आणि वाइटापासून ‘सोडव’, दोन्ही पाठोपाठ येतात. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी पौल हताश होऊन विचारतो, तिथेही मराठीत सोडवण्याचंच क्रियापद आहे. प्रश्न ‘कसं सोडू’ असा नाही, ‘कोण सोडवील’ असा आहे. दोषाच्या वाक्यात कर्ता मी आणि सुटकेच्या वाक्यात कर्ता दुसरा, अशी ही व्याकरणाची वाटणी आहे. धर्मशास्त्रज्ञ हिला कृपा म्हणतात.

पण या वाटणीचा गैरफायदाही घेता येतो. ‘प्रभू सोडवील तेव्हा सुटेल’ म्हणत संध्याकाळी अड्ड्याकडे जाणारेही मी पाहिले आहेत. उलट सगळं ‘सोडणे’वर टाकलं तर काय होतं, ते मत्तयाच्या बाराव्या अध्यायातल्या त्या घरानं सांगितलं आहे: भूत निघून गेलं, घर झाडूनपुसून लख्ख ठेवलं, आणि रिकामं बघून ते आपल्याहून वाईट सात जणांना घेऊन परत आलं. म्हणून इथले अनुभवी पाळक दारू सुटलेल्याला पहिल्या महिन्यात एकटं सोडत नाहीत. त्याला ढोलकी देतात, सतरंज्या टाकायला लावतात, आजाऱ्याच्या भेटीला बरोबर नेतात. पवित्रीकरण हा शब्द ते उच्चारतही नाहीत.

उपासनेत साक्ष देण्याची वेळ येते. ‘साक्ष’ हा शब्द डोळ्यांचा, समक्ष पाहणाऱ्याचा. शिंदखेड्याच्या कोर्टातला आणि मंडळीतला एकच. वाचलेली मराठी आणि घरची अहिराणी इथे मिसळतात. कुणी उभा राहून ‘मनी दारू सुटी गयी’ म्हणतो, बाकावरून ‘हालेलुया’ येतं. कुणी म्हणतो ‘सुटी गयी व्हती’, आणि त्या ‘व्हती’वर सगळे गप्प होतात, कारण पुढचं वाक्य काय असणार ते सगळ्यांना माहीत असतं. आणि अधूनमधून कुणी ‘सुटी ऱ्हायनी’ एवढंच म्हणून खाली बसतो. सुटते आहे. या चालू वर्तमानकाळाला हालेलुया म्हणावं की नाही, याविषयी मंडळीत अजून ठरलेलं दिसत नाही. काही जण म्हणतात, काही जण पाळकाकडे बघतात.